चावडी नव्हे, पार

१ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्र राज्य पक्षकार असलेल्या एका फौजदारी प्रकरणात, अमेरिकेतील एका डॉक्टरची साक्ष मुंबईच्या न्यायालयाला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे नोंदवता येईल, असा निकाल दिला. साक्ष आरोपीच्या 'उपस्थितीत' नोंदवली पाहिजे, असे कायदा म्हणतो. ही उपस्थिती शरीरानेच असली पाहिजे का, हा वादाचा मुद्दा होता. त्या ओघात पडद्यावर घडते ते 'आभासी वास्तव' असते आणि आरोपीच्या हक्कांना त्याच्या हवाली करता येणार नाही, असाही युक्तिवाद झाला होता. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. साक्षीदार खराखुरा आहे, तो त्याच क्षणी बोलत आहे, त्याचा चेहरा आणि हावभाव सर्वांना दिसत आहेत. तो फक्त त्या खोलीत नाही. तेव्हा हे वास्तवच आहे, आभासी वास्तवाशी त्याचा संबंध नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २३ जून २००३ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने 'सेकंड लाइफ' हे आभासी जग सर्वांसाठी खुले केले. फिलिप रोझडेल यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीच्या जगात शिरायचे, तर आधी स्वतःसाठी एक देह घडवावा लागतो. मग त्या देहाने चालायचे, उडायचे, जमीन घ्यायची, घर बांधायचे आणि वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचे. न्यायालयाने जी रेघ ओढली होती, तिच्या पलीकडचा हा प्रांत. गेली वीस वर्षे अनेक कंपन्या, सरकारे आणि विद्यापीठे ही रेघ पुसण्याच्या खटाटोपात आहेत. त्यांचे म्हणणे असे की, पडद्यावरच्या चौकटीत तोंडे दाखवण्याऐवजी आपण सगळे आपापल्या अवतारांनिशी एका टेबलाभोवती बसलो, तर बैठका अधिक जिवंत होतील. मला हे पटत नाही. तरीही आभासी जगे निरुपयोगी आहेत, असे मी म्हणणार नाही. आपल्या गावांत चावडी आणि पार अशा दोन निरनिराळ्या जागा असत. चावडीवर कामकाज चाले, वसुली होई, पंच बसत, निवाडे होत. पारावर माणसे नुसती येऊन बसत. आभासी जगाची चावडी करण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसला आहे, आणि त्याचा पार मात्र कोणी मुद्दाम न बांधताच पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. या दोहोंतला फरक ओळखल्याशिवाय त्यावर पैसा ओतणे, किंवा ते कोणावर लादणे, चुकीचे आहे.

'अवतार' हा शब्द संगणकाच्या दुनियेत रूढ झाला तो १९८०च्या दशकात. लुकासफिल्म या अमेरिकी कंपनीने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी 'हॅबिटॅट' नावाचे जग तयार केले होते. टेलिफोनच्या तारेवरून माणसे त्यात उतरत आणि त्यांच्या पडद्यावरील प्रतिमेला हा संस्कृत शब्द देण्यात आला. आपल्याकडे अवतार वरून खाली येतो तो काही कार्य घेऊन. इथे मात्र कार्य आधी ठरलेले नव्हते, आणि तीच गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर या हॅबिटॅटच्या शिल्पकारांनी रहिवाशांसाठी कार्यक्रम आखून पाहिले. खपून रचलेला खजिन्याचा शोध कोणीतरी काही तासांत उलगडून टाकला, तेव्हा बाकीच्यांची अजून सुरुवातही झालेली नव्हती. वरून आखणी करून असे जग चालवता येत नाही, लोक काय करू पाहतात ते बघून त्यांच्या मागे जावे लागते, असा निष्कर्ष या दोघांनी १९९० मध्ये मांडला. पुढच्या पिढीतील व्यवस्थापकांनी तो वाचला असता तर बरे झाले असते.

कारण २००६ आणि २००७ या दोन वर्षांत सेकंड लाइफमध्ये जी झुंबड उडाली, ती नेमकी वरून आखणी करणाऱ्यांची होती. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २००६ मध्ये तिथे वार्तालय उघडून एक पूर्णवेळ बातमीदार नेमला. मे २००७ मध्ये आधी मालदीवने आणि मग स्वीडनने आपापला दूतावास थाटला. स्वीडनच्या दूतावासाचे उद्घाटन परराष्ट्रमंत्री कार्ल बिल्ट यांनी केले. वॉशिंग्टनमधील स्वीडिश दूतावासाच्या इमारतीसारखीच देखणी इमारत तिथे उभी राहिली. तिथे व्हिसा मिळत नसे आणि पासपोर्टही मिळत नसे. दूतावासात ज्या कामासाठी माणूस जातो ते सोडून बाकी सगळे तिथे होते, म्हणून पहिली उत्सुकता ओसरल्यावर तिथे जाण्याचे कारण उरले नाही. रॉयटर्सचे वार्तालय दोन-तीन वर्षांतच मिटले, दूतावासही कालांतराने बंद झाला. गूगलने जुलै २००८ मध्ये 'लाइव्हली' हे आपले स्वतःचे जग आणले आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला गुंडाळले.

चावडीच्या बाजूने नेहमी दिला जाणारा दाखला आयबीएमचा आहे, म्हणून त्याकडे नीट पाहिले पाहिजे. या कंपनीने २००८ च्या अखेरीस आपल्या तंत्रज्ञ-अकादमीची परिषद सेकंड लाइफमध्ये भरवली. दोनशेहून अधिक जण त्यात सहभागी झाले. खर्च सुमारे ८०,००० डॉलर आला आणि प्रत्यक्ष परिषदेच्या तुलनेत ३,२०,००० डॉलर वाचले, असा हिशेब मांडण्यात आला. हा हिशेब ज्यांनी ते जग विकले आणि ज्यांनी ते विकत घेतले त्यांचाच आहे, हे एक. दुसरे असे की, यातली बचत ही प्रवास, निवास आणि सभागृहाच्या भाड्याची आहे. ती साध्या फोनवरच्या परिषदेतही झाली असती. अवतारांमुळे, त्रिमितीय सभागृहामुळे आणि आभासी बागेमुळे जे अधिकचे साधले, ते या आकड्यात कुठेच दिसत नाही. लिंडन लॅबने याच यशावर विसंबून कंपन्यांना स्वतःच्या आवारात चालवता येईल अशी खास आवृत्ती नोव्हेंबर २००९ मध्ये ५५,००० डॉलरपासून पुढे विकायला काढली. पुढच्याच वर्षी ती बंद करावी लागली, आणि जून २०१० मध्ये कंपनीने आपले सुमारे ३० टक्के कर्मचारीही कमी केले.

यामागे तांत्रिक अडचणी होत्याच. सेकंड लाइफची जमीन २५६ मीटर गुणिले २५६ मीटरच्या चौकोनी तुकड्यांत विभागलेली आहे आणि प्रत्येक तुकडा सर्व्हरवर स्वतंत्रपणे चालतो. एका तुकड्यावर चाळीस-पन्नास अवतार जमले की हालचाली जड होऊ लागतात आणि शंभराच्या आसपास दार बंद करावे लागते. म्हणून तिथल्या जाणत्या मंडळींनी एक युक्ती काढली: चार तुकडे जिथे एकमेकांना भिडतात त्या कोपऱ्यावर व्यासपीठ बांधायचे, म्हणजे श्रोते चारही तुकड्यांत विभागले जातात आणि चौपट गर्दी मावते. युक्ती झकास आहे. पण जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणातही याहून मोठी सभा विनासायास भरते, हे विसरता येत नाही.

तांत्रिक अडचणी मात्र दूर होतात, म्हणून माझा मुख्य आक्षेप त्यांच्यावर आधारलेला नाही. सभा म्हणजे काय, याविषयीच्या गैरसमजावर तो आहे. कुठल्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आठवून पाहावी. सूचना निघते, विषयपत्रिका असते, गणपूर्ती मोजतात, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करतात, ताळेबंद मांडतात, ठराव येतो, सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहितात. यातली प्रत्येक गोष्ट कागदाची किंवा ओळखीची आहे. जागेची एकही नाही. हिशेबाचे कागद डोळ्यांसमोर स्पष्ट दिसायला हवेत आणि बोलणारा सभासद खरोखर तोच आहे याची खात्री हवी, एवढे झाले की सभेचे भागते. शिवाय सभेला आलेल्या प्रत्येकाची एक मूक इच्छा असते, ती म्हणजे सभा लवकर संपावी. आभासी जग या तिन्ही बाबतींत उलट वागते. तिथे कागद वाचणे अवघड जाते, ओळख झाकता येते आणि सगळी रचना माणसाने तिथे रेंगाळावे अशी केलेली असते.

या मुद्द्याची परीक्षा घ्यायला महासाथीसारखी दुसरी वेळ आली नसती. मार्च २०२० नंतर जगातील निम्मी कचेरी घरात बंदिस्त झाली. आभासी जगे तेव्हा सतरा वर्षांच्या अनुभवाने तयार होती. लोकांनी निवडली ती सपाट, चौकटींची, कंटाळवाणी व्हिडिओ-बैठक. झूमच्या बैठकांतील दैनंदिन सहभाग डिसेंबर २०१९ मधील १ कोटीवरून एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेला. आपल्या कंपनी व्यवहार मंत्रालयानेही त्याच एप्रिल-मे महिन्यांत परिपत्रके काढून भागधारकांच्या सभा व्हिडिओद्वारे घ्यायला परवानगी दिली. अवतारांचा विचार कोणाच्या मनातही आला नाही. माणसांपुढे दोन्ही पर्याय खुले असताना त्यांनी केलेली ही निवड होती, आणि ती नीट समजून घेण्याऐवजी मोठ्या भांडवलाने तिच्याविरुद्ध पैज लावली. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकने आपले नाव बदलून मेटा केले. त्याच्या दोनच महिने आधी हेडसेट, म्हणजे आभासी दृश्य दाखवणारा डोळ्यांवर बांधायचा पडदा, घालून बैठक घेण्याचे 'होरायझन वर्करूम्स' बाजारात आले होते. तिथले अवतार कमरेखाली नव्हतेच, ही गंमत पुष्कळांना आठवत असेल. मेटाच्या संबंधित विभागाचा २०२२, २०२३ आणि २०२४ या तीन वर्षांतील एकत्रित परिचालन तोटा साडेचार हजार कोटी डॉलरहून अधिक आहे. सरकारेही यात मागे राहिली नाहीत. युरोपीय आयोगाने ३,८७,००० युरो खर्चून एक आभासी जग उभारले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तरुणांसाठी तिथे मेजवानी ठेवली, तेव्हा एका पत्रकाराला तिथे जेमतेम पाच-सहा माणसे आढळली.

हेडसेट हा शब्द आपण सहज वापरतो, पण ती अर्धा किलोच्या आसपासची वस्तू डोक्याला बांधून दिवस काढायचा असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ जणांनी कामाच्या आठवड्याचे पाच दिवस रोज आठ तास हेडसेट लावून काम केले. ताण, वैताग आणि डोळ्यांचा त्रास वाढला, कामाचा उरक कमी झाला. आणखी दोघांनी पहिल्याच दिवशी मळमळ आणि डोकेदुखीमुळे माघार घेतली होती. अभ्यास लहान आहे आणि यंत्रे हलकी होत जातील, हे मान्य. तरीही कर्मचाऱ्याला असा साज चढवायला सांगणाऱ्याने आधी स्वतः तो आठवडाभर घालून पाहावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

चावडीचे सर्वांत गंभीर रूप म्हणजे न्यायालय. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोलंबियातील मॅग्दालेना येथील प्रशासकीय न्यायाधिकरणाने वाहतुकीशी संबंधित एका वादाची सुनावणी वर्करूम्समध्ये घेतली. न्यायाधीशांचा अवतार काळा झगा घालून बसला होता. सुनावणी पार पडली, पण त्या अवतारामागे कोण बोलते आहे याची खातरजमा वेगळी करावी लागली. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत साक्ष चालू असताना साक्षीदाराच्या वर्तनाविषयी न्यायाधीशाला शेरा नोंदवता येतो. अवताराच्या चेहऱ्यावर उमटणारे स्मित कोणाचे मानायचे, साक्षीदाराचे की सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे? सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ओढलेली रेघ इथे लख्ख दिसते, आणि ती तिथेच राहावी असे मला वाटते.

आता विरोधी बाजूचा जो मुद्दा खरोखर वजनदार आहे, त्याला उत्तर दिले पाहिजे. व्हिडिओ-बैठका माणसाला थकवतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याची चार कारणे मांडली: नको इतक्या जवळून सतत नजरेला नजर, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर, एका जागी खिळून राहणे आणि हावभाव समजून घेण्याचा वाढीव ताण. यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी आभासी जगात कमी होतात. शिवाय तिथे एक अशी सोय आहे जी व्हिडिओ-बैठकीत नाही: जवळच्याचा आवाज मोठा येतो, दूर गेले की तो विरतो. त्यामुळे एकाच दालनात दहा जोड्या दहा विषयांवर बोलू शकतात. झूमवर एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. कुजबूज ही मानवी व्यवहारातली फार मोलाची गोष्ट तिथे अशक्यच आहे.

हे मी अनुभवले आहे. टाळेबंदीच्या काळात आमच्या लहानशा वाचक-गटाने नकाशावर आपली छोटी बाहुली चालवत एकमेकांजवळ जाण्याची एक जागा वापरून पाहिली. हेडसेटची गरज नव्हती, साधा संगणक पुरत होता. पहिल्या दिवशी आमच्यातले ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, सोफ्यामागे अडकले आणि तिथूनच मोठ्याने, 'अरे, मला कोणीतरी बाहेर काढा रे,' म्हणत राहिले. ते पुरेसे लांब असल्याने बऱ्याच जणांना त्यांचा आवाजच गेला नाही. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणसे ठरल्या वेळेच्या आधी येऊ लागली आणि चर्चा संपल्यावरही दोघे-तिघे कोपऱ्यात बोलत राहू लागली. झूमवर हे एकदाही झाले नव्हते. तिथे 'चला, भेटू पुन्हा' म्हटले की सगळे एकदम अदृश्य होत. मात्र पुढचे पुस्तक कोणते घ्यायचे आणि वर्गणी किती, हे शेवटपर्यंत आमच्या व्हॉट्सॲपच्या गटावरच ठरत गेले. त्या जागेत ते ठरवावे, असे कोणाला सुचलेही नाही. म्हणून बेलेन्सन यांचे निदान मी पूर्णपणे मान्य करतो, पण त्यातून बैठकी आभासी जगात न्याव्यात असे निघत नाही. बैठकी कमी कराव्यात, लहान कराव्यात, कॅमेरा बंद ठेवायची मुभा द्यावी, एवढेच त्यातून निघते. कुजबूज ही बैठकीची गरज नव्हे. बैठकीच्या आधी आणि नंतर जे घडते त्याची ती गरज आहे.

पाराकडे वळल्यावर चित्र पार बदलते. सेकंड लाइफ आजही, म्हणजे वीसहून अधिक वर्षांनी, चालू आहे, आणि ते दूतावासांनी किंवा परिषदांनी जगवलेले नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी तिथले रहिवासी कैक वर्षांपासून दरवर्षी निधी गोळा करणारी आभासी पदयात्रा काढतात. 'व्हर्च्युअल अॅबिलिटी' या संस्थेच्या बेटावर दीर्घ आजार आणि अपंगत्व असलेली माणसे एकमेकांना भेटतात, नवख्यांना चालायला-बोलायला शिकवतात. ज्याला घराचा उंबरठा ओलांडणेच कठीण आहे, त्याला 'खरे मित्र कर' असा सल्ला देणाऱ्याने आपण कोणाशी बोलतो आहोत याचा विचार केलेला नसतो. नॉर्वेतील मॅट्स स्टेन या तरुणाची हकीकत जगभर पोहोचली आहे. स्नायू क्षीण होत जाणाऱ्या डुशेन या आनुवंशिक आजाराने २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. चाकांच्या खुर्चीत बसून हजारो तास 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ खेळणारा आपला मुलगा एकाकी गेला, याचे आईवडिलांना दुःख होते. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची बातमी लिहिली, आणि खेळातल्या त्याच्या सोबत्यांची पत्रे येऊ लागली. अंत्यविधीला त्यांतले काही जण वेगवेगळ्या देशांतून आले. ज्याला त्यांनी कधी पाहिले नव्हते, त्याने कोणाचे घरगुती भांडण मिटवले होते, कोणाला आपल्या मुलाशी बोलायला उद्युक्त केले होते. तो खेळ कोणी 'समाजजोडणीचे व्यासपीठ' म्हणून बांधला नव्हता. तिथे एकत्र मिळून काहीतरी करायचे असे, आणि बोलणे त्या ओघात होत असे. आपल्याकडे भजनी मंडळात किंवा गणपतीच्या मांडवात मैत्री जुळते ती अशीच.

चावडी थाटायला गेलेल्यांना पारावरच्या लोकांनी कधी कसे गाठले, याचा एक मासलाही सांगितला पाहिजे. सप्टेंबर २००७ मध्ये आयबीएमच्या इटलीतील कामगार संघटनेने वेतनाच्या वादात सेकंड लाइफमधील कंपनीच्या बेटांवर निदर्शने केली. दिवसभरात अनेक देशांतून सुमारे १,८५० अवतार फलक घेऊन तिथे आले. खऱ्या आवारात ज्यांना पहारेकऱ्याने फाटकावर अडवले असते, ते थेट दालनात उभे होते.

मंडळांच्या कामी हे कितपत येईल, असे परदेशातील मराठी मित्र विचारतात. ऑनलाइन आरतीचा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना ठाऊक आहे की, प्रत्येकाचा आवाज निमिषभर उशिरा पोहोचतो आणि टाळ्या एकामागून एक पडत जातात. आभासी जगातही हा उशीर तसाच राहतो, तिथे मांडव कितीही सुंदर उभारला तरी. तेव्हा उत्सवाची नक्कल तिथे नेऊ नये. पण आठवड्यातल्या एका संध्याकाळी, काही न ठरवता, ओसाड उपनगरात राहणाऱ्या चार मराठी माणसांना डोकावता येईल अशी जागा असायला काय हरकत आहे? फेब्रुवारी २०२२ मध्ये तमिळनाडूतील एका जोडप्याने लग्नाचा स्वागतसमारंभ आभासी जगात केला आणि त्यात वधूच्या दिवंगत वडिलांचा अवतार आशीर्वाद द्यायला उभा केला होता. तो बघताना माझा जीव जरा दचकला, हे कबूल करतो. पण तो त्यांचा घरचा प्रश्न आहे.

पाराचे एवढे गोडवे गाताना एक गोष्ट लपवता येणार नाही. आपल्या गावातला पार सर्वांचा कधीच नव्हता. तिथे बायका बसत नसत, आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना तर तिथून जातानाही अंग चोरावे लागे. आभासी पारावर देह निवडता येतो, त्यामुळे जात, वय, रंग आणि अपंगत्व दारातच अडवत नाही, ही त्याची थोरवी आहे. पण देह बदलल्याने बसणाऱ्यांचे मन बदलत नाही. १९९३ मध्येच, नुसत्या अक्षरांनी चालणाऱ्या 'लॅम्डामू' या जगात एका वापरकर्त्याने इतरांच्या पात्रांवर शब्दांतून लैंगिक अत्याचार केले होते आणि त्याला काढायचे कसे यावरून तिथे रीतसर कायदेव्यवस्था उभी राहिली. २०२१ च्या अखेरीस मेटाच्या 'होरायझन वर्ल्ड्स'मध्ये एका महिलेने अंगचटीची तक्रार केली, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन अवतारांत सुमारे चार फुटांचे अंतर राहील अशी अदृश्य कड प्रत्येकाभोवती घालण्यात आली. एकोणतीस वर्षांचा अनुभव हाताशी असताना ही कड पहिल्या दिवसापासून का नव्हती, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेले नाही. ज्यांना खऱ्या पारावर जागा नाकारली गेली, त्यांनाच आभासी पारावरून उठावे लागत असेल, तर माझा अर्धा युक्तिवाद तिथेच कोसळतो, याची मला जाणीव आहे.

आणि खऱ्या पाराला मालक नव्हता. आभासी पाराला आहे, आणि या सगळ्या विषयातली सार्वजनिक चिंतेची बाब माझ्या मते हीच आहे. सेकंड लाइफमध्ये 'जमीन तुमच्या मालकीची' अशी जाहिरात होत असे. पेन्सिल्वेनियातील एका वकिलाने लिलावातील पळवाट वापरून तिथे स्वस्तात जमीन घेतली, तेव्हा कंपनीने त्याचे खातेच गोठवले आणि सगळी मालमत्ता गेली. त्याने दावा लावला. मे २००७ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने कंपनीच्या करारातील लवादाचे कलम एकतर्फी आणि अन्यायकारक ठरवून दावा पुढे चालू दिला. त्याच वर्षी तडजोड झाली, त्यामुळे मालकीच्या मूळ प्रश्नावर निकाल आलाच नाही. तो आजही लटकलेला आहे, आणि दरम्यान 'मी सहमत आहे' या बटणावर आपण सगळेच अंगठा उठवत आलो आहोत.

नोकरीच्या ठिकाणी हा प्रश्न आणखी टोकदार होतो. हेडसेट डोक्याची, हातांची आणि काही वेळा डोळ्यांचीही हालचाल सतत टिपतो. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५११ जणांची अशी पाच मिनिटांहून कमी वेळाची नोंद वापरून ९५ टक्के लोकांना अचूक ओळखून दाखवले, आणि तेही त्यांना फक्त व्हिडिओ पाहायला लावून. मान वळवण्याची लकब ही बोटाच्या ठशाइतकीच आपली असते, असा याचा अर्थ. आपल्या देशाचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा कलम ७ मध्ये नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा मालकाला देतो. ज्या बैठकीत कोणाची नजर किती वेळा खिडकीकडे गेली याचा हिशेब राहू शकतो, तिथे या मुभेचा अर्थ काय होईल? कायद्याने निदान एवढे स्पष्ट करावे की, हालचालींची आणि नजरेची नोंद या मुभेत येत नाही, आणि हेडसेट घालायला नकार दिला म्हणून कोणाच्या मूल्यमापनावर परिणाम होणार नाही.

सार्वजनिक पैशाच्या बाबतीत मी याहून कडक अट घालीन. एखादे विद्यापीठ, महापालिका किंवा सरकारी खाते आभासी आवार बांधायला निघाले, तर निविदेत पहिला प्रश्न देखण्या इमारतीचा नसावा. कंपनीने दुकान बंद केले तर आत उभे केलेले सगळे बाहेर काढता येईल का, हा असावा. मायक्रोसॉफ्टने 'अल्टस्पेस व्हीआर' हे आपल्या मालकीचे जग १० मार्च २०२३ रोजी बंद केले. तिथे वर्षानुवर्षे नियमाने भेटणारे गट होते, त्यांना काही आठवड्यांची मुदत मिळाली आणि त्यांची जागा गेली. मोझिलाने 'हब्स' ही सेवा ३१ मे २०२४ रोजी बंद केली. महासाथीच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, आभासी वास्तवाच्या संशोधकांची आंतरराष्ट्रीय परिषद याच हब्सवर भरली होती. पण हब्सची संहिता, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, सर्वांसाठी खुली होती. ज्यांना हवी होती त्यांनी ती उचलून स्वतःच्या सर्व्हरवर बसवली, आपापली दालने उतरवून घेतली, आणि मूळ मालक निघून गेल्यावरही ती दालने उघडी राहिली.